चाळीस पत्रिका

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला एक तास असा होता ज्याचे मार्क कुठेच धरले जात नव्हते. टाइमटेबलमध्ये त्यापुढे नुसतं 'सेमिनार' असं लिहिलेलं असायचं. शनिवारी साडेदहा ते साडेबारा. पहिल्या शनिवारी साठ जण आले, कारण अटेंडन्स लागणार अशी अफवा होती. दुसऱ्या शनिवारपर्यंत अफवा विरली आणि आम्ही अकरा जण उरलो. त्यातले दोघं पंख्याखाली बसून डबा खायला मिळतो म्हणून यायचे.

तास घ्यायचे आमचे एम-वनचे सर. मुंबई विद्यापीठातून इंजिनिअरिंग केलेल्या कुणाला एम-वन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो, आयुष्यातली पहिली केटी बहुतेकांना ज्यात लागते तो गणिताचा पेपर. सरांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले. वाद, जल्प, वितंडा. म्हणाले, न्यायसूत्रांत चर्चेचे हे तीन प्रकार दिलेत. खरं काय ते शोधायला करतात तो वाद. जिंकायला करतात तो जल्प. आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता समोरच्याची फक्त पाडायची, ती वितंडा. "तिसरा शब्द तुम्हाला आधीपासून माहीत असेल, कारण तो घरोघरी वापरात आहे."

मग नियम सांगितला. प्रत्येकानं विज्ञानातला किंवा गणितातला एक वाद घ्यायचा आणि मांडायचा. पण आधी पूर्वपक्ष. म्हणजे जे तुम्हाला पटत नाही ते इतकं नीट मांडायचं की ते मानणारा माणूस समोर असता तर म्हणाला असता, हो, मला हेच म्हणायचंय. ते जमलं तरच पुढे बोलायचं. न्यूटन आणि लायब्निझचं भांडण कुणीतरी सुचवलं तर सर नको म्हणाले. "ते तुम्ही तटस्थपणे ऐकाल. त्याचा काय उपयोग? ज्यावर तुमच्या काकांचं मत आहे असा वाद आणा."

हे २०१५ साल. काकांची मतं असलेल्या वादांचा दुष्काळ नव्हता. त्याच जानेवारीत मुंबई विद्यापीठाच्या कालिना कॅम्पसमध्ये १०२वी विज्ञान काँग्रेस भरली होती आणि तिथे कॅप्टन आनंद बोडस यांनी वैदिक काळातल्या विमानविद्येवर पेपर वाचला होता. आमच्यातल्या एकीनं तो विषय घेतला. पहिल्या पाच मिनिटांत तिनं सगळ्यांना हसवलं आणि सरांनी तिला खाली बसवलं. पूर्वपक्ष कुठाय? पुढच्या शनिवारी ती 'वैमानिकशास्त्र' वाचून आली, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये त्या ग्रंथाचा जो अभ्यास केला होता तोही. त्या पाच जणांनी टिंगल केली नव्हती. त्यांनी ग्रंथातली चित्रं घेतली, मापं घेतली आणि हे यंत्र उडेल का ते एअरोनॉटिक्सच्या नियमांनी तपासलं. उडणार नव्हतं. भाषा आणि इतिहास तपासून ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही, हेही दाखवलं. ती म्हणाली, मला वाटतं या ग्रंथाला सगळ्यांत जास्त मान या पाच जणांनीच दिला. सर त्या दिवशी काही बोलले नाहीत, पण त्यांनी तिला डस्टर दिलं. त्यांच्याकडे तो सत्कार असायचा.

वैदिक गणितावर दोन शनिवार गेले, कारण आमच्यातला एक जण डोंबिवलीत वैदिक गणिताच्या क्लासमध्ये शिकवून फी भरत होता. भारती कृष्ण तीर्थांचं पुस्तक १९६५ चं, टीआयएफआरमधल्या श्रीकृष्ण दाणींनी त्यातल्या 'वैदिक' या शब्दावर घेतलेला आक्षेप, सोळा सूत्रं ज्ञात अथर्ववेदात सापडत नाहीत ही अडचण, सगळं झालं. शेवटी तो म्हणाला, सर, मी शिकवतो ते वैदिक नाही हे मान्य, पण फी खरी आहे. यावर वाद, जल्प आणि वितंडा तिन्ही संपले.

आणि कापरेकर. डहाणूत जन्मलेले, ठाण्यात शाळा शिकलेले, देवळालीला मास्तरकी केलेले द. रा. कापरेकर. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. ३५२४ घेतलीत तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येतंच. हे कळल्यावर आठवडाभर आम्ही लोकलच्या तिकिटावरचे नंबर घेऊन हेच करत होतो. आपल्याकडे हा सगळा पोरखेळ समजला गेला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते.

माझ्या वाट्याला काय घ्यायचं ते मात्र मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी आंबिवलीचा. कल्याणच्या पुढे शहाड, मग आंबिवली, मग टिटवाळा. घरी आई, बाबा, मी आणि दादा. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला पाढे येत नाहीत, पैसे मोजता येत नाहीत, पण बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरचा कुकर शिट्टी देतोय हे तो डोळे मिटून सांगतो, आणि आंबिवली स्टेशनातली अनाउन्समेंट बाईच्या आवाजात, मधल्या खरखरीसकट करून दाखवतो. दादाला डाउन सिंड्रोम आहे. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये त्याच्या रक्ताचा रिपोर्ट झाला होता, त्यावर गुणसूत्रांचा आकडा आहे ४७. इतरांची ४६ असतात. एक जास्त.

पण आमच्या नात्यागोत्यात या आकड्याला किंमत नव्हती. तिथे दोन कारणं चालायची. पहिलं, ग्रहण. २४ ऑक्टोबर १९९५ चं सूर्यग्रहण. राजस्थानातल्या नीम का थानापासून बंगालातल्या डायमंड हार्बरपर्यंत खग्रास दिसलं, आपल्याकडे खंडग्रास. ऐन दिवाळीतलं. दूरदर्शन ते थेट दाखवत होतं, आणि आमच्या घरी बाबांची सेकंड शिफ्ट होती म्हणून आईनं ग्रहण सुटायच्या आत विळीवर दुधी चिरला होता. तिला सहावा महिना होता. फेब्रुवारीत दादा झाला. त्यानंतर घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी ती विळी उचलून माळ्यावर टाकली आणि कुणी पाहुणे आले की त्या माळ्याकडे बघायच्या. काही बोलायच्या नाहीत. फक्त बघायच्या.

दुसरं कारण पत्रिका. बुध बिघडलाय, पाचवं स्थान बिघडलंय, असं तीन वेगवेगळ्या ज्योतिष्यांनी आईला सांगितलं होतं. दादाकडे बघून सांगितलं होतं, हे महत्त्वाचं. तो शेजारच्याच खुर्चीवर बसलेला असायचा.

म्हणून मी नारळीकरांची चाचणी घेतली. 'करंट सायन्स'च्या मार्च २००९ च्या अंकातला लेख आहे. तीनच पानांचा, नेटवर फुकट मिळतो. लेखक चार: जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे. मी वर्गात नावं वाचली तेव्हा तिसऱ्या नावानंतर कुणीतरी खुर्ची सरकवली तेवढाच आवाज झाला. दाभोलकरांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

चाचणी अशी. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी शाळांतून शिक्षकांच्या मते हुशार असलेली शंभर मुलं निवडली, आणि विशेष शाळांतून शंभर मतिमंद मुलं. (लेखातला शब्द तोच आहे; आज आपण वेगळा वापरतो.) प्रत्येकाच्या आईवडिलांना भेटून जन्मतारीख, वेळ, ठिकाण घेतलं. त्यावरून दोनशे पत्रिका तयार केल्या. पत्रिकांना सांकेतिक नंबर दिले आणि कुठला नंबर कुठल्या मुलाचा, ही यादी पुणे विद्यापीठात ठेवली. ती ना ज्योतिष्यांनी बघितली, ना नारळीकरांनी. मे २००८ मध्ये पत्रकार परिषद घेऊन ज्योतिष्यांना आवाहन केलं: आम्ही तुम्हाला चाळीस पत्रिका पाठवतो, त्यातली हुशार मुलांची कुठली आणि मतिमंद मुलांची कुठली ते सांगा. आणि पत्रिका हातात द्यायच्या आधीच ठरवलं होतं की चाळीसपैकी निदान अठ्ठावीस बरोबर यायला हवीत. नुसतं नाणं उडवून अठ्ठावीस किंवा जास्त बरोबर यायची शक्यता शंभरात एकापेक्षा कमी आहे.

एक्कावन्न ज्योतिष्यांनी पत्रिका मागवल्या. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. अठ्ठावीसपर्यंत कुणीच पोचलं नाही. सगळ्यांत चांगला निकाल चोवीसचा. सगळ्यांचा मिळून ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेनं दोनशेच्या दोनशे पत्रिका घेतल्या होत्या, त्यांची १०२ बरोबर आली.

पण ही नंतरची गोष्ट. आधी पूर्वपक्ष. तो मांडायला मला आमच्या वर्गातल्या टिटवाळ्याच्या एका मित्राची मदत झाली. त्याचे चुलते पत्रिका बघतात. आम्ही दोघं एकाच गाडीनं यायचो, त्यामुळे शहाड ते कॉलेज एवढा वेळ मिळायचा. त्याचं म्हणणं असं होतं: पत्रिकेत कल दिसतो, निकाल दिसत नाही. जन्मवेळ चार मिनिटांनी चुकली तरी लग्न बदलू शकतं, आणि हॉस्पिटलात वेळ कोण नीट लिहितं? आईवडिलांच्या पत्रिका बघाव्या लागतात. माणूस समोर असावा लागतो. नाडीवैद्याला तुम्ही माणूस न दाखवता नुसते नाडीचे ठोके पाठवाल का? मी हे सगळं वर्गात मांडलं, आणि खरं सांगतो, चांगलं मांडलं. शेवटच्या मुद्द्याला सरांनीही मान हलवली.

मग त्यांनी विचारलं, "हे आक्षेप पत्रिका पाठवायच्या आधीचे की निकाल लागल्यानंतरचे?"

मित्र म्हणाला, आधीही होते, काही ज्योतिष्यांनी बहिष्कार घाला असं म्हटलं होतं. सर म्हणाले, ज्यांनी आधीच नकार दिला त्यांचा आक्षेप प्रामाणिक धरू. प्रश्न त्या एक्कावन्न जणांचा आहे. माणूस समोर नाही, आईवडिलांची पत्रिका नाही, हे माहीत असून त्यांनी पत्रिका मागवल्या. म्हणजे त्यांना जमेल असं वाटत होतं.

इथे माझं प्रेझेंटेशन संपायला हवं होतं. पण मला एक आकडा टोचत होता. ४६ टक्के. पन्नासपेक्षा कमी. सत्तावीस गुणिले चाळीस म्हणजे १०८० उत्तरं. नुकतंच सी शिकत होतो, म्हणून १०८० वेळा नाणं उडवणारा प्रोग्रॅम लिहिला आणि तो दहा हजार वेळा चालवला. ४६ टक्के किंवा त्याहून कमी फक्त पन्नासेक वेळा आलं. हजारात पाच. म्हणजे नाण्यानं इतकं वाईट खेळणं दुर्मीळ. मी वर्गात म्हटलं, सर, हे नुसतं अज्ञान नाही. अज्ञानी माणूस पन्नास टक्के मिळवतो. इतकं चुकायला काहीतरी माहीत असावं लागतं.

वर्ग हसला. मित्र तर उभाच राहिला, की बघा, उलटं का होईना, पत्रिकेत काहीतरी आहे!

सरांनी पुढची वीस मिनिटं जे केलं त्यासाठी मी आजही त्या खोलीत परत जायला तयार आहे. ते म्हणाले, तुझ्या प्रोग्रॅममध्ये नाणी किती? म्हटलं १०८०. पत्रिका किती? दोनशे. म्हणजे एक पत्रिका सरासरी पाच-सहा जणांकडे गेली. आता हे पाच-सहा जण पुस्तकं कुठली वाचून आलेत? साधारण तीच. एखाद्या पत्रिकेत बुध बिघडलेला दिसला तर पाचही जण तेच म्हणणार. ते मूल हुशार निघालं तर पाचही जण एकदम चुकणार. तेव्हा ही १०८० सुटी नाणी नाहीत, गठ्ठ्यांनी चिकटलेली नाणी आहेत. चिकटलेली नाणी जास्त हेलकावे खातात, वरही आणि खालीही. आणि सुटी नाणी बघायची असतील तर ती संस्था बघ. तिनं प्रत्येक पत्रिकेला एकदाच उत्तर दिलं. दोनशेपैकी किती? एकशे दोन.

मी रात्री घरी जाऊन प्रोग्रॅम बदलला, नाणी पाच-पाचच्या गठ्ठ्यांत चिकटवली. ४६ टक्के आता अगदी सहज येत होतं. कॉलेजच्या चार वर्षांत एवढा आनंद मला दुसऱ्या कुठल्या आउटपुटनं दिला नाही.

मित्रानं मात्र पिच्छा सोडला नव्हता. पुढच्या शनिवारी त्यानं विषय घेतला तोच नारळीकरांचा, पण उलट बाजूनं. नारळीकर आणि ज्योतिषी यांत फरक काय? नारळीकर आयुष्यभर महास्फोटाच्या विरोधात उभे राहिले. फ्रेड हॉयल यांच्यासोबत स्थिर स्थितीच्या विश्वाची बाजू मांडली. केंब्रिजमध्ये मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोत मोजून १९६१ मध्ये सांगितलं की हे विश्व स्थिर स्थितीचं नाही, तेव्हा विशीतले नारळीकर हॉयल यांच्या बाजूनं लढत होते. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांचं सूक्ष्मलहरींचं प्रारण जाहीर झालं आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी निकाल लागला असं मानलं. नारळीकरांनी नाही मानलं. १९९३ मध्ये हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी सुधारलेला सिद्धांत मांडला, अर्धस्थिर विश्वाचा. म्हणजे निकाल विरुद्ध गेल्यावर सिद्धांताला ठिगळ लावलंच की! ज्योतिष्यानं 'आईवडिलांची पत्रिका हवी' म्हटलं तर ते ठिगळ, आणि नारळीकरांनी केलं तर ते विज्ञान?

हा त्या वर्षातला सगळ्यांत चांगला प्रश्न होता, आणि सरांकडे त्याचं तयार उत्तर नव्हतं. तेही दोन मिनिटं खिडकीबाहेर बघत बसले. नंतर आम्ही सगळ्यांनी मिळून जे काही जुळवलं ते असं. ठिगळ दोघांनीही लावलं. पण नव्या सिद्धांतासोबत नारळीकर सांगत होते की हे खरं असेल तर महास्फोटाच्या सिद्धांतातल्या विश्वाच्या वयाहूनही म्हातारे तारे सापडायला हवेत. म्हणजे मला कुठे पकडायचं ती जागा त्यांनीच दाखवली होती. बहुसंख्यांना त्यांचं पटलं नाही, आणि पुरावा बघता न पटणंच बरोबर होतं असं मलाही वाटतं. त्यासाठी कुणी त्यांना खगोलशास्त्रज्ञांतून काढून टाकलं नाही. 'आयुका' त्यांनीच उभी केली, आणि तिथे महास्फोट मानणारे लोक आरामात काम करत होते. मित्राला हे पटलं का? अर्धं. तो म्हणाला, बाकी अर्धं चुलत्यांना विचारतो. डस्टर त्याला मिळालं.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईला सांगायला बसलो. ती करंज्या भरत होती, दादा कडा दाबत होता. ते काम तो आमच्या सगळ्यांपेक्षा सुबक करतो. मी चाचणी सांगितली. दोनशे मुलं, नंबर, चाळीस पत्रिका, सत्तावीस ज्योतिषी. आईनं टक्केवारीत काडीचा रस दाखवला नाही. तिनं विचारलं, "त्या शंभर मुलांच्या आया तयार कशा झाल्या वेळ सांगायला?"

याचा विचार मी केला नव्हता. सरांनीही नव्हता केला. शंभर घरांत कुणीतरी गेलं असणार, चहा झाला असणार, आणि बाईनं किती वाजून किती मिनिटं ते सांगितलं असणार. ते तिला पाठच असणार, कारण आधी कितीतरी जणांनी विचारलं होतं.

मी म्हटलं, त्यांनाही कळायचं असेल.

"मग त्यांना ओळखू आली नाहीत का ती मुलं?"

"नाही. नाणं उडवून जेवढी ओळखू येतील तेवढीच."

ती जरा वेळ थांबली. "म्हणजे पत्रिकेत लिहिलेलं नव्हतं."

"पत्रिकेत लिहिलेलं असतं तर कुणालातरी वाचता आलं असतं."

तिनं पुढची करंजी भरली, दादाकडे सरकवली आणि विचारलं, "आणि ग्रहण?"

ग्रहणाचं त्या तीन पानांत काही नव्हतं. एका चाचणीचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला वापरायचं नाही, हे सरांनी इतक्यांदा सांगितलं होतं की माझ्याकडून ते झालंही नसतं. पण ग्रहणाला चाचणी लागतच नव्हती. तारीख पुरे होती. दादाचा रिपोर्ट मी कपाटातून काढला. म्हटलं, हे जे सत्तेचाळीस आहेत ते सहाव्या महिन्यात सत्तेचाळीस झालेले नाहीत. हे बहुतेक वेळा गर्भ राहायच्याही आधी, पेशी तयार होताना होतं. मग त्या एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, आणि सगळ्यांत ते जास्तीचं एक उतरतं. तू विळीवर बसलीस तेव्हा दादा आतमध्ये सहा महिन्यांपासून असाच होता. ग्रहण लागायच्या आधीपासून.

मला वाटलं होतं तिला हलकं वाटेल. तिनं हात पुसले आणि विचारलं, "ती पेशी कुणाची? माझी का ह्यांची?"

बहुतेक वेळा आईच्या बाजूची असते. हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं. मी तिला ते सांगितलं, कारण ती विचारत होती, आणि त्याच वाक्यात हेही की त्यात कुणी काही केलेलं नसतं, खाल्लेलं नसतं, चिरलेलं नसतं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "वीस वर्षं हे कुणी सांगितलं का नाही?" तिचा सूर रागाचा नव्हता. एखाद्याला चुकीच्या स्टेशनवर उतरवल्यावर तो विचारेल तसा होता.

विळी दुसऱ्या दिवशी माळ्यावरून खाली आली. गंजलेली होती. बाबांनी ती मोहन्याला नेऊन धार लावून आणली आणि दिवाळी संपल्यावर तिच्यावर पहिला दुधीच चिरला. आईनं मुद्दाम केलं की बाजारात तोच स्वस्त होता, विचारलं नाही.

सेमिनार पुढच्या वर्षी बंद झाला. त्या वेळात प्लेसमेंट ट्रेनिंग आलं, ॲप्टिट्यूड वगैरे. मला नोकरी त्याच ट्रेनिंगनं मिळाली, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडानं करू? पण नोकरीत जे उपयोगी पडतं ते शनिवारचंच. आम्ही ॲप बनवतो. अर्ध्या लोकांना हिरवं बटण दाखवायचं, अर्ध्यांना निळं, आणि कुठलं जास्त दाबलं जातं ते बघायचं. तुमच्या फोनवरही रोज कुणीतरी हे करतंय. महिन्याभरानं मीटिंग होते. हिरवं हरलेलं असतं. मग ज्यानं हिरवं सुचवलं तो म्हणतो, बरं, पण रविवारी रात्री, नाशिकमधल्या, नवीन युजरमध्ये बघा ना. बघितलं की तिथे हिरवं जिंकलेलं असतं. वीस कोपरे तपासले की एखादा कोपरा जिंकतोच. अशा वेळी मी टीममधला नकोसा माणूस होतो आणि विचारतो, हा कोपरा आधी ठरवला होता की नंतर? 'अठ्ठावीस का?' असं माझं टोपणनाव पडलंय. त्यामागची गोष्ट मी तिथे कुणाला सांगितलेली नाही.

२० मे २०२५ ला नारळीकर गेले. आमच्या अकरा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप कित्येक महिन्यांनी जागा झाला. टिटवाळ्याच्या मित्रानं पहिला मेसेज टाकला: पूर्वपक्ष गेला. त्यावर कुणी काही लिहिलं नाही, नुसते नमस्कार आले.

त्याच पावसाळ्यात माझ्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली. एका स्थळानं पत्रिका मागितली. मी नको म्हणणार हे ओळखून आईनं आधीच सांगितलं, "त्यांनी मागितली तर द्यायची. मागणाऱ्याचा अपमान कशाला?" आणि एका रविवारी ती मला घेऊन टिटवाळ्याला गुरुजींकडे गेली. आधी गणपतीचं दर्शन, मग गुरुजी. तिथे तिनं पर्समधून एक नाही, दोन पत्रिका काढल्या. दोन्हीची वरची घडी, नाव असतं तिथली, मागे दुमडलेली. म्हणाली, "दोन मुलगे आहेत. यातल्या कुणाचं आधी बघू?"

गुरुजींनी दोन्ही समोर ठेवल्या. मी श्वास रोखला की काय ते आठवत नाही, पण पंख्याचा आवाज आठवतो. दोनेक मिनिटांनी त्यांनी एकीवर बोट ठेवलं. माझ्या. "याचं बघा. दुसऱ्याचं राहू दे."

आईनं दक्षिणा ठेवली, नमस्कार केला, आम्ही बाहेर आलो. रिक्षात ती म्हणाली, "बरोबर सांगितलं की रे."

मी काही बोललो नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते दोन कागद होते. माझा जवळजवळ कोरा, अठ्ठावीस वर्षांत दोनदा उघडलेला. दादाचा प्रत्येक घडीवर फाटत आलेला, एका बाजूनं सेलोटेप लावलेला, कडा बोटांच्या तेलानं काळ्या पडलेल्या. ग्रह न बघताही सांगता आलं असतं.

रिक्षा आंबिवलीच्या रस्त्याला लागल्यावर आई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पण हे एकच झालं. तुझ्या त्या सरांना चाळीस लागायचे ना?"

गुण तिनं तरीही जुळवून घेतले. छत्तीसपैकी बावीस.